सिस्टीम रिस्टोअर का फसते? विंडोजमधील एका जुन्या सोयीचे परीक्षण

विंडोजमधील सिस्टीम रिस्टोअर या सोयीबद्दल लिहिताना तिच्या यशापेक्षा अपयशाबद्दलच अधिक लिहावे लागते, कारण ती नीट चालली की तिच्याकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहत नाही. नवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) टाकल्यावर आवाज बंद पडला, एखाद्या प्रोग्रामने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, नको ते फेरफार केले किंवा अपडेटनंतर संगणक अडखळू लागला, तर सिस्टीमच्या फाइल्स आणि सेटिंग्ज काही दिवसांपूर्वी होत्या तशा करून द्यायच्या, आणि तेही वापरकर्त्याच्या कागदपत्रांना व छायाचित्रांना हात न लावता, एवढेच तिचे काम. ते जमले तर थोड्याच वेळात आणि फुकटात जमते. मात्र ज्या संगणकावर तिची खरी गरज पडते तो आधीच बिघडलेला असतो, आणि नेमक्या अशाच संगणकावर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरते. दुसऱ्यांचे संगणक दुरुस्त करणे हा माझ्या कामाचाच भाग असल्याने भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा तसा हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे. तरीही ही सोय टाकाऊ आहे असे माझे मत नाही. तिची बरीच अपयशे ती कुठून चालवली यावर अवलंबून असतात, आणि ही गोष्ट तिची खिडकी वापरकर्त्याला कधीच सांगत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सन २००० मध्ये विंडोज मिलेनियम एडिशनबरोबर ही सोय प्रथम आली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या एक्सपीमुळे घरोघरी पोहोचली. त्या काळातील तिची पद्धत साधी होती. ठरावीक प्रकारच्या फाइल्सवर एक ड्रायव्हर नजर ठेवी आणि त्यांच्यात बदल होऊ लागला की जुनी प्रत बाजूला काढून ठेवी. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने हा पायाच बदलला आणि व्हॉल्यूम शॅडो कॉपी या सर्व्हिसवर, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामवर, सगळा भार टाकला. आता रिस्टोअर पॉइंट म्हणजे त्या क्षणी अख्खा ड्राइव्ह कसा होता याची नोंद असते. डिस्कवरील एखाद्या भागात नवे काही लिहिले जाणार असेल, तर तिथला जुना मजकूर आधी राखीव जागेत हलवला जातो आणि मगच नवे लिहिले जाते. ही रचना अधिक भक्कम आहे यात वाद नाही, परंतु तिच्यामुळे सिस्टीम रिस्टोअर दोन गोष्टींचे मिंधे झाले: एक म्हणजे ती सर्व्हिस, आणि दुसरी म्हणजे राखीव जागा. या दोहोंपैकी एक जरी डळमळली तरी पुढचा सगळा डोलारा कोसळतो.

सर्वांत सामान्य तक्रार अपयशाचीसुद्धा नसते. रिस्टोअर पॉइंटच दिसत नाही अशी असते. विंडोज १० आणि ११ असलेल्या अनेक संगणकांवर सिस्टीम प्रोटेक्शन, म्हणजे हे पॉइंट करून ठेवणारी व्यवस्था, मुळातच बंद असते, आणि ते बंद आहे हे वापरकर्त्याला कळते ते गरज पडल्यावर. कंट्रोल पॅनेलमधील सिस्टीम प्रॉपर्टीजच्या खिडकीत सिस्टीम प्रोटेक्शन नावाचे पान आहे. तिथे सी ड्राइव्हपुढे ‘ऑन’ लिहिलेले असले पाहिजे, आणि कॉन्फिगर बटण दाबल्यावर किती जागा राखून ठेवली आहे तेही दिसले पाहिजे. ही जागा भरली की सर्वांत जुना पॉइंट मुकाट्याने पुसला जातो. डिस्कवर एकाएकी मोठी लिखापढी झाली, उदाहरणार्थ मोठा गेम उतरवला, तर कधीकधी सगळेच पॉइंट एका फटक्यात जातात. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टीम विभागात व्हॉल्स्नॅप या नावाखाली २५ किंवा ३६ क्रमांकाची नोंद आढळली, तर नेमके हेच घडले असे समजावे. २५ चा अर्थ राखीव जागा वेळेत वाढू शकली नाही, आणि ३६ चा अर्थ ती घालून दिलेल्या मर्यादेला टेकली. एवढी महत्त्वाची घटना फक्त तिथे लिहून ठेवायची आणि वापरकर्त्याला साधी सूचनाही द्यायची नाही, हा या सोयीचा सर्वांत अक्षम्य दोष मला वाटतो.

पॉइंट नाहीसे होण्याची इतरही कारणे आहेत. विंडोज ८ पासून एखाद्या प्रोग्रामने किंवा कमांडने पॉइंट मागितला आणि मागच्या २४ तासांत एक पॉइंट झालेला असेल, तर नवा तयार केला जात नाही. त्यामुळे सकाळी एक पॉइंट झाला म्हणजे संध्याकाळच्या फसलेल्या इन्स्टॉलेशनआधीचा पॉइंट हाती असेलच असे नाही. मात्र सिस्टीम प्रोटेक्शनच्या पानावरील क्रिएट बटण दाबून हाताने केलेला पॉइंट कधीही करता येतो, आणि ड्रायव्हर बदलण्याआधी तो करावाच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या सुरक्षा अपडेटपासून पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवले जातात. विंडोजची पूर्ण नवी आवृत्ती चढवली की आधीच्या आवृत्तीचे पॉइंट जातात. एकाच संगणकावर एक्सपी आणि व्हिस्टा नांदत असत त्या काळी एक्सपी सुरू केले की व्हिस्टाचे सगळे पॉइंट उडत, ही गंमत आता इतिहासजमा झाली आहे. खंडणी मागणारे व्हायरस मात्र आजही आल्याआल्या आधी शॅडो कॉपी पुसतात, म्हणून त्यांच्यापासून बचावासाठी या सोयीवर मुळीच विसंबू नये.

आता खऱ्या अपयशाकडे येतो. पॉइंट आहे, तो निवडला, संगणक रीस्टार्ट झाला, काळ्या पडद्यावर ‘फाइल्स पूर्ववत केल्या जात आहेत’, ‘रजिस्ट्री पूर्ववत केली जात आहे’ अशा अर्थाच्या ओळी येऊन गेल्या, लॉग-इन झाले, आणि समोर खिडकी उघडली: सिस्टीम रिस्टोअर यशस्वीपणे पूर्ण झाले नाही, सिस्टीमच्या फाइल्स आणि सेटिंग्ज बदललेल्या नाहीत. यातील दुसरे वाक्य वाचून माणसे वैतागतात, पण माझ्या मते या सोयीचा सर्वांत मोठा गुण त्याच वाक्यात आहे. काम पूर्ण होत नसेल तर अर्धवट बदल करून संगणक आणखी बिघडवण्यापेक्षा होते तसे ठेवून माघार घेणे केव्हाही चांगले, आणि बहुतेक वेळा ती तसेच करते. वाईट असते ते तिसरे वाक्य. एखादी फाइल उघडता आली नाही, बहुधा अँटिव्हायरस चालू असल्याने असे झाले, तो तात्पुरता बंद करून पुन्हा प्रयत्न करा, असे ते वाक्य सांगते. कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधली, कोणी अडवली, यांतले काहीही त्यात नसते.

अँटिव्हायरसवर ठेवलेला हा आरोप सरसकट खोटा नाही. ०एक्स८००७०००५ हा त्रुटीचा क्रमांक दिसला तर परवानगी नाकारली गेली एवढे निश्चित, आणि बाहेरून घेतलेले अनेक अँटिव्हायरस स्वतःच्या फाइल्स व रजिस्ट्रीतील नोंदी कोणालाही बदलू देत नाहीत, अगदी विंडोजलासुद्धा. त्यांच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘तासाभरासाठी बंद’ निवडल्याने हे स्वसंरक्षण बंद होतेच असे नाही. त्यासाठी प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये आत शिरून स्वसंरक्षणाचा वेगळा खटका बंद करावा लागतो. शिवाय रिस्टोअरचे खरे काम रीस्टार्टनंतर होते, आणि रीस्टार्ट होताच तात्पुरता बंद केलेला अँटिव्हायरस अनेकदा पुन्हा डोळे उघडून बसलेला असतो. त्यामुळे त्या खिडकीतला सल्ला अक्षरशः पाळूनही हाती काही लागत नाही, आणि वापरकर्ता तीच क्रिया पुन्हापुन्हा करीत राहतो.

०एक्स८००७००९१ या क्रमांकाची कहाणी वेगळी आहे आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. या वेळी खिडकीत स्रोत म्हणून ॲपएक्सस्टेजिंग आणि ठिकाण म्हणून प्रोग्राम फाइल्समधील विंडोजॲप्स हे फोल्डर दाखवलेले असते. क्रमांकाचा अर्थ फोल्डर रिकामे नाही असा आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणारे ॲप्स याच लपवलेल्या फोल्डरात राहतात, आणि त्याच्यावरील मालकी हक्क इतके कडक असतात की ॲडमिनिस्ट्रेटरलाही ते सहजी उघडत नाही. जुने फोल्डर परत आणून ठेवण्यासाठी आताचे बाजूला सारावे लागते, ते सरत नाही, आणि तिथेच घोडे अडते. उपाय ओबडधोबड असला तरी लागू पडतो. संगणक दुरुस्तीच्या पडद्यावर (विंडोज सुरू न करता दुरुस्तीची साधने देणारा पडदा; तिथे कसे जायचे ते पुढे येते) नेऊन कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, प्रोग्राम फाइल्समध्ये जायचे, ॲट्रिब कमांडने विंडोजॲप्सवरील लपवल्याची खूण काढायची आणि रिनेम कमांडने त्या फोल्डरच्या नावामागे ‘.ओल्ड’ लावायचे. इथे एक खाचखळगा आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी असतीलच असे नाही. रोजचा सी तिथे डी म्हणून दिसू शकतो, तेव्हा आधी डीआयआर कमांडने युजर्स आणि विंडोज ही फोल्डरे कुठे आहेत ते पाहून घ्यावे. नाव बदलल्यावर रिस्टोअर पुन्हा चालवले की विंडोजॲप्स फोल्डर पॉइंटमधून नव्याने येते. स्टोअरची ॲप्स उघडताहेत याची खात्री झाल्यावरच जुने फोल्डर काढून टाकावे.

तिसरा प्रकार सर्वांत घाबरवणारा असतो. विंडोज १० मध्ये अपडेट चढवल्यावर त्याआधीच्या पॉइंटवर परत जाऊ पाहिले, तर रीस्टार्ट होताना निळा पडदा येतो आणि त्यावर सी००००२१ए हा क्रमांक असतो. हा दोष मायक्रोसॉफ्टने स्वतःच नोंदवून त्याचे कारणही दिलेले आहे. ड्रायव्हरच्या फाइल्स वापरात असल्याने रिस्टोअर त्या लगेच बदलू शकत नाही. रीस्टार्टनंतर बदलायच्या म्हणून त्यांची नोंद करून ठेवते. त्या ड्रायव्हरांच्या सह्या ज्यात असतात त्या कॅटलॉग फाइल्स मात्र आधीच पूर्ववत झालेल्या असतात. रीस्टार्ट होताच विंडोज आहे तेच ड्रायव्हर वाचायला घेते, त्यांचा मेळ पूर्ववत झालेल्या कॅटलॉगशी बसत नाही, आणि सही जुळत नाही म्हणून सगळेच थांबते. अशा वेळी हात टेकण्याचे कारण नाही. दोन-तीनदा सुरू होता होता अडकले की संगणक आपोआप दुरुस्तीच्या पडद्यावर येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करावे आणि यादी आल्यावर एफ७ दाबावे. त्या एका खेपेपुरती ड्रायव्हरच्या सह्यांची सक्ती उठते, अडकून पडलेले रिस्टोअर आपले उरलेले काम पुरे करते आणि पुढच्या खेपेपासून संगणक नेहमीसारखा सुरू होतो.

पण त्याच नोंदीत मायक्रोसॉफ्टने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि माझ्या दृष्टीने ती या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. असे होऊ नये म्हणून डेस्कटॉपवरून रिस्टोअर सुरू न करता ते दुरुस्तीच्या पडद्यावरून चालवावे, अशी ती सूचना आहे. म्हणजे ज्यांनी ही सोय बनवली त्यांनाच ठाऊक आहे की चालू विंडोजच्या आत बसून त्याच विंडोजच्या फाइल्स बदलणे हा कटकटीचा मार्ग आहे. बाहेरून केले तर वापरात असलेल्या फाइल्सचा प्रश्न उरत नाही, बाहेरचा अँटिव्हायरस जागा नसतो, आणि ड्रायव्हर व कॅटलॉग यांची चुकामूक होत नाही. मग स्टार्टमध्ये शोधल्यावर जी खिडकी पहिल्यांदा समोर येते तिने ‘बाहेरून करायचे का?’ एवढे विचारले असते तर काय बिघडले असते? इतक्या आवृत्त्या आल्या आणि गेल्या, ही खिडकी मात्र व्हिस्टाच्या काळात होती जवळजवळ तशीच आहे, आणि तिचे पहिले पान आजही सगळे काही सुरळीत होणार असल्याच्या थाटात ‘नेक्स्ट’ दाबायला सांगते.

तुलनेसाठी लिनक्सच्या ओपनसुसे या वितरणाकडे पाहावे. त्यात बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम आणि स्नॅपर हे साधन असते, आणि जुन्या स्थितीची निवड संगणक सुरू होतानाच्या यादीत करता येते. जुनी स्थिती आधी केवळ वाचण्यापुरती उघडते, ती ठीक आहे असे दिसले की रोलबॅकची कमांड देऊन तीच कायम करता येते. निर्णय प्रणाली चालू होण्याआधी घेतला जातो, त्यामुळे वापरात असलेल्या फाइलचा तंटा उद्भवतच नाही. विंडोजची अंतर्गत रचना निराळी आहे हे मान्य, पण आधी पाहा आणि मग ठरवा ही मुभा तिथेही हवीच होती. सध्या निवडलेल्या पॉइंटने कोणते प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातील किंवा परत येतील याची यादी एका बटणावर मिळते. ते बटण उपयोगी आहे आणि ते न दाबता पुढे जाऊ नये, परंतु परतलेला संगणक सुरू तरी होईल का, हे त्यातून कळत नाही.

दुरुस्तीच्या पडद्यावर जाण्याची वाट अवघड नाही. शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडले की निळ्या पार्श्वभूमीचा पडदा येतो. ट्रबलशूट आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स यांच्या आत सिस्टीम रिस्टोअर आहे. तिथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ड्राइव्हला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती हाताशी नसेल तर काम तिथेच संपते. म्हणून सुरुवात करण्याआधीच ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून किंवा जपून ठेवलेल्या कागदावरून उतरवून घ्यावी. दुसरे असे, की डेस्कटॉपवरून केलेले रिस्टोअर मागे घेता येते, कारण सुरू होण्याआधी ते स्वतःच एक पॉइंट करून ठेवते, पण सेफ मोडमधून (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांसह चालवण्याची पद्धत) किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून केलेले मागे घेता येत नाही. सुरक्षित मार्गावर परतीची सोय नाही आणि कटकटीच्या मार्गावर ती आहे, हा उलटा न्याय आहे. तरीही निवड करायची झाली तर मी पहिलाच मार्ग सुचवेन.

रिस्टोअर चालू असताना पडदा तासभर हलला नाही तर काय करावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ‘रजिस्ट्री पूर्ववत केली जात आहे’ ही ओळ बराच वेळ तशीच राहू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर वाट पाहावी. अधीर होऊन वीज तोडली, तर माघार घेण्याची जी शिस्त मी वर वाखाणली तिलाच आपण सुरुंग लावतो, आणि मग ना जुनी स्थिती ना नवी अशी अवस्था होते. कित्येक तास उलटले आणि दिवाही मेल्यासारखा स्थिर असेल, तरच पॉवरचे बटण दाबून धरावे आणि पुढचा प्रयत्न दुरुस्तीच्या पडद्यावरून करावा.

शॅडो कॉपीची सर्व्हिसच आजारी असेल तर लक्षणे निराळी दिसतात. ०एक्स८१०००२०३ दिसले तर ती सर्व्हिस किंवा तिची जोडीदार, सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर, कोणीतरी डिसेबल करून ठेवलेली असण्याचा संभव मोठा असतो. हे ‘कोणीतरी’ म्हणजे पुष्कळदा संगणक वेगवान करून देण्याचे आश्वासन देणारे फुकटचे ऑप्टिमायझर असतात. सर्व्हिसेसच्या यादीत या दोघींपुढे ‘मॅन्युअल’ असणे पुरेसे आहे. त्या सतत चालू दिसत नाहीत म्हणून घाबरू नये, गरज पडली की त्या आपोआप जाग्या होतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून व्हीएसएसॲडमिनची ‘लिस्ट रायटर्स’ ही कमांड दिली, तर शॅडो कॉपीत भाग घेणाऱ्या प्रत्येक घटकाची तब्येत कळते. सगळ्यांपुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ हवे. एखाद्यापुढे ‘फेल्ड’ असेल तर साधा रीस्टार्ट बऱ्याचदा पुरतो. तो पुरला नाही, तर बॅकअपचा एखादा बाहेरचा प्रोग्राम मध्ये लुडबुडतो आहे का ते पाहावे, कारण असे प्रोग्राम याच यंत्रणेवर चालतात.

उपायांच्या क्रमाबद्दलही चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत सल्ल्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतला एक सल्ला चक्क घातक आहे. रिस्टोअर फसत असेल तर सिस्टीम प्रोटेक्शन बंद करून पुन्हा चालू करा, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. प्रोटेक्शन बंद करताच त्या ड्राइव्हवरील यच्चयावत रिस्टोअर पॉइंट पुसले जातात. पुढे नवे पॉइंट व्यवस्थित होऊ लागतीलही, पण ज्या पॉइंटसाठी एवढा खटाटोप चालला होता तोच गेलेला असतो. हा उपाय पॉइंट तयारच होत नसतील तेव्हाचा आहे. असलेल्या पॉइंटवर परत जाता येत नसेल तेव्हाचा नव्हे.

विंडोजच्या फाइल्स तपासून दुरुस्त करणाऱ्या एसएफसी आणि डीआयएसएम या कमांडांबद्दलही थोडी अतिशयोक्ती चालते. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बिघडल्या असतील तर त्या उपयोगी आहेतच. त्या चालवताना आधी डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसीची स्कॅननाऊ हा क्रम योग्य, कारण दुसरी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेते तो साठा पहिली दुरुस्त करते. पण अँटिव्हायरसने अडवलेली फाइल किंवा न सरणारे विंडोजॲप्स फोल्डर त्यांनी सुटत नाही. त्यांच्याही आधी डिस्क तपासावी. पॉइंट खराब झाला किंवा रिस्टोअरच्या दरम्यान पुसला गेला असा संदेश ०एक्स८०००एफएफएफएफ या क्रमांकासह आला, तर एखादा वेगळा पॉइंट निवडून पाहावाच, पण सीएचकेडीएसके ही डिस्क तपासणारी कमांड चालवून डिस्कच मरणपंथाला लागलेली नाही ना, हेही पाहावे. डिस्क मरत असेल तर रिस्टोअरचा नाद सोडून पहिल्यांदा आपल्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घेणे एवढेच करावे. रिस्टोअरच्या प्रत्येक प्रयत्नात तिच्यावर भरपूर वाचन आणि लेखन होते, आणि तिला तेवढेही झेपणारे नसते.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन देईन. माघार घेण्याच्या शिस्तीला आणि वैयक्तिक फाइल्स न छेडण्याला ते आहेत. कापलेले दोन गुण मुक्या खिडकीसाठी आणि न सांगता पुसल्या जाणाऱ्या पॉइंटसाठी. आवाज, छपाई, वाय-फाय असे एकाच ड्रायव्हरमुळे उद्भवलेले दुखणे असेल तर मुळात रिस्टोअरच्या वाटेला न जाता डिव्हाइस मॅनेजरमधील रोल बॅक ड्रायव्हर हे बटण आधी वापरावे. त्रास अपडेटनंतरचा असेल तर दुरुस्तीच्या पडद्यावरूनच ते अपडेट काढून टाकता येते. जुन्या जाणकारांना रजिस्ट्रीची प्रत रेगबॅक फोल्डरातून हाताने परत ठेवण्याची सवय असते, पण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज ती प्रत आपण होऊन करीत नाही आणि त्या फोल्डरातील फाइल्स शून्य केबीच्या आढळतात. मायक्रोसॉफ्टच्या मते हा दोष नसून डिस्कवरील जागा वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला बदल आहे. म्हणजे रजिस्ट्री परत मिळवण्याची भिस्तही आता सिस्टीम रिस्टोअरवरच येऊन पडते, आणि म्हणूनच ही सोय मुळातच बंद ठेवलेली असणे अधिक खटकते.

सगळे पॉइंट फसले तरी संगणक पुसून नव्याने सुरुवात करण्याची वेळ लगेच येत नाही. विंडोज निदान सुरू होत असेल, तर त्याच आवृत्तीची इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल उतरवून, ती उघडून सेटअप चालवावा आणि विचारले जाईल तेव्हा फाइल्स व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. यात विंडोजच्या फाइल्स नव्याने बसतात आणि प्रोग्राम व कागदपत्रे जागच्या जागी राहतात. वेळ रिस्टोअरपेक्षा जास्त लागतो आणि डिस्कवर बरीच मोकळी जागा लागते, पण सिस्टीम रिस्टोअर वारंवार नापास झालेले कितीतरी संगणक या मार्गाने सुधारलेले मी पाहिले आहेत. हे काम आटोपल्यावर जुने पॉइंट उरत नाहीत आणि सिस्टीम प्रोटेक्शन बंद झालेले असू शकते, त्यामुळे डेस्कटॉप दिसताच ते पान उघडून सी ड्राइव्हपुढे ‘ऑन’ आहे का ते पाहावे आणि पहिला पॉइंट हाताने करून घ्यावा.